‘द’ कुठे लावायचा आणि कुठे नाही?

प्रश्न: मी भांडुपला राहते. अंधेरीला एका लॉजिस्टिक्स कंपनीत ॲडमिनला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. कामाचे सगळे मेल इंग्रजीत लिहावे लागतात. काळ वगैरे जमतात, पण आर्टिकल्सची बोंब आहे. वरिष्ठ प्रत्येक मेलमध्ये कुठे ‘द’ घालतात, कुठला तरी खोडतात. का, असं विचारलं तर म्हणतात, कानाला बरोबर वाटत नाही. परवाचा माझा मेल असा होता: ‘आय ॲम सेंडिंग अ रिपोर्ट यू आस्क्ड फॉर. व्हेंडर हॅज गिव्हन अस ॲन इन्फर्मेशन अबाउट डिले. आय हॅव फ्यू डाउट्स. ॲन युजर हॅज ऑल्सो रेज्ड कंप्लेंट.’ चार वाक्यांत आर्टिकलच्या सात दुरुस्त्या! शाळेतला ए-ई-आय-ओ-यूचा नियम अजून पाठ आहे, तरी असं का होतं? पुढच्या महिन्यात दुसरीकडे इंटरव्ह्यू आहे, म्हणून जरा घाई आहे.
— एक वाचक, भांडुप

उत्तर: तुम्हाला पाठ असलेला नियम ‘अ’ आणि ‘ॲन’ यांतलं एक निवडण्यापुरता आहे. आर्टिकलच्या कारभारातलं ते सगळ्यात किरकोळ काम. तुमच्या सात चुकांपैकी त्या नियमाखाली येते ती फक्त ‘ॲन युजर’. उरलेल्या सहा वेगळ्याच दोन गोष्टींमुळे झाल्यात: वाचणाऱ्याला ती वस्तू नेमकी कोणती हे कळतंय का, आणि ती वस्तू मोजता येते का. शाळेत बहुतेक ठिकाणी सुरुवातच शेपटाकडून होते, त्यात तुमचा दोष नाही.

मराठीत आर्टिकल नाही, म्हणून मराठी माणसाला ते जमत नाही, असं म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. ‘मी प्लंबर शोधतेय’ आणि ‘मी प्लंबरला शोधतेय’ ही दोन वाक्यं बघा. पहिल्यात कुठलाही प्लंबर चालेल. दुसऱ्यात एक ठरावीक इसम आहे, जो मोरीचा नळ उघडा टाकून चहा प्यायला गेला तो अजून आलेला नाही. ‘मुलगी बघायला गेलेत’ आणि ‘मुलीला बघायला गेलेत’ यांतला फरक तर घरातल्या पोरांनाही कळतो. म्हणजे ‘कुठलातरी’ आणि ‘तोच तो’ हा भेद तुम्ही रोज करता, फक्त मराठी तो काही जागीच दाखवते, मुख्यतः माणसांच्या बाबतीत, ‘ला’ लावून किंवा गाळून. इंग्रजी हाच भेद जवळजवळ प्रत्येक नामाला विचारते. ‘आय ॲम लुकिंग फॉर अ प्लंबर’ हे पहिलं वाक्य, ‘आय ॲम लुकिंग फॉर द प्लंबर’ हे दुसरं.

आता कामाची रीत. नाम लिहिलं की हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. एक, नामाच्या आधी ‘माय’, ‘युवर’, ‘धिस’, ‘एव्हरी’, ‘ईच’, ‘सम’ किंवा कुणाचं मालकी दाखवणारं अपॉस्ट्रॉफी-एस (’s) लावलेलं नाव आहे का? असेल तर आर्टिकल नाही, विषय संपला. ‘द युवर मेल’ किंवा ‘अ माय फ्रेंड’ असं होत नाही. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ होतं. दोन, वाचणाऱ्याला नेमकं कोणतं हे कळतंय का? कळत असेल तर ‘द’, मग नाम एकवचनी असो, अनेकवचनी असो, मोजता येवो न येवो. तीन, कळत नसेल तर नाम मोजता येणारं आणि एकवचनी आहे का? असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. नसेल तर रिकामी जागा. अनेकवचन आणि न मोजता येणारी नामं इथे मोकळीच राहतात.

दुसऱ्या प्रश्नात घोटाळा होतो तो ‘वाचणाऱ्याला’ या शब्दाकडे दुर्लक्ष झाल्याने. तुम्हाला माहीत आहे, हे पुरेसं नाही. नव्या क्लायंटला पहिल्याच ओळीत ‘द इश्यू हॅज बीन रिझॉल्व्ह्ड’ लिहिलंत तर तो विचारणार, कुठला इश्यू? उलट तुमच्या मेलमधला रिपोर्ट साहेबांनी स्वतः मागितलेला होता. ‘यू आस्क्ड फॉर’ या शब्दांनीच कोणता ते ठरलं, म्हणून तिथे ‘द रिपोर्ट’. व्हेंडरही दोघांना माहीत असलेला आणि उशीरही तोच, म्हणून ‘द व्हेंडर’ आणि ‘द डिले’.

वाचणाऱ्याला कळतं ते बऱ्याच वाटांनी. आधी उल्लेख झालेला असतो. किंवा त्या परिसरात ती वस्तू एकच असते: ‘द लिफ्ट’, ‘द टेरेस’, ‘द वॉचमन’. किंवा एका गोष्टीचं नाव निघालं की तिच्यासोबतच्या गोष्टी आपोआप ओळखीच्या होतात. ‘वी सॉ अ फ्लॅट इन मुलुंड. द किचन वॉज टू स्मॉल’ या वाक्यांत किचन पहिल्यांदाच आलंय, पण फ्लॅट म्हटला की त्याला स्वयंपाकघर असणारच, म्हणून थेट ‘द’. ‘फर्स्ट’, ‘बेस्ट’, ‘ओन्ली’, ‘सेम’ हे शब्द एकच एक वस्तू दाखवतात, त्यांच्याआधीही ‘द’. यातला ‘सेम’ आपल्याकडे फार उघडा पडतो. ‘आय हॅव सेम प्रॉब्लेम’ नाही, ‘द सेम प्रॉब्लेम’.

मुंबईत या नियमाची परीक्षा घेणारा शब्द म्हणजे सोसायटी. ‘सोसायटी’ आर्टिकलशिवाय लिहिलं की अर्थ होतो समाज. ‘सोसायटी हॅज डिसायडेड टू स्टॉप वॉटर सप्लाय’ अशी नोटीस जिन्यात लागली तर इंग्रजीच्या हिशेबाने अख्ख्या समाजाने पाणी तोडायचं ठरवलंय. इमारतीची सोसायटी म्हणायची असेल तर ‘द सोसायटी’ हवंच, आणि तिथे पाणीही ठरावीक इमारतीचं, म्हणून ‘द वॉटर सप्लाय’. सगळ्या जातीबद्दल किंवा कल्पनेबद्दल बोलताना मात्र ‘द’ काढायचा: ‘लाइफ इन मुंबई इज एक्स्पेन्सिव्ह’, ‘ट्रेन्स आर क्राउडेड इन द मॉर्निंग’. ‘द ट्रेन्स’ म्हटलंत तर ऐकणारा ठरावीक गाड्या शोधू लागेल. ‘मोस्ट पीपल’ आणि ‘मोस्ट ऑफ द पीपल इन अवर ऑफिस’ यांतही हेच आहे. ‘मोस्ट ऑफ पीपल’ हे मधलं कडबोळं कुठेच चालत नाही.

‘ऑफ’ दिसला की ‘द’ ठोकायचा, ही सवय बऱ्याच जणांना असते. ‘ऑफ’ने वस्तू एकच उरते का ते बघा. ‘द सेक्रेटरी ऑफ द सोसायटी’ बरोबर, कारण सेक्रेटरी एकच. ‘अ मेंबर ऑफ द सोसायटी’, कारण सभासद पुष्कळ. बायोडेटात ‘आय वॉज द स्टुडंट ऑफ...’ लिहिणाऱ्यांनी तर नकळत कॉलेजात आपण एकटेच शिकत होतो असं जाहीर केलेलं असतं. तिथे ‘अ स्टुडंट’ हवं.

आता तिसरा प्रश्न, जिथे मराठी लेखकांचे सर्वाधिक गुण जातात. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा उघडं ठेवत नाहीत; त्याच्याआधी काहीतरी हवं. ‘शी इज टीचर’, ‘ही रेज्ड कंप्लेंट’, ‘आय वर्क ॲज अकाउंटंट’ या तिन्हींत भोक आहे. नोकरी-पेशा सांगताना ‘अ’ किंवा ‘ॲन’ सुटू देऊ नका. अपवाद एकाच माणसाच्या पदाचा: ‘ही वॉज इलेक्टेड चेअरमन’ चालतं. हा एक नियम पक्का धरलात तरी मेलमधली लाल शाई निम्म्यावर येईल.

त्याची उलट बाजू म्हणजे न मोजता येणारी नामं. ‘अ’ मुळात ‘वन’ या शब्दाचाच झिजलेला अवतार आहे, त्याच्यात ‘एक’ दडलेला आहे. म्हणून जे मोजता येत नाही त्याला तो लागत नाही. कुठलं नाम मोजता येतं हे मात्र मराठीवरून ठरवायचं नाही, कारण दोन्ही भाषांचे हिशेब वेगळे. ‘माहिती’ला मराठीतही अनेकवचन नाही, तिथे तुम्हाला ‘इन्फर्मेशन’ सोपं जायला हवं. पण सल्ले दोन असतात, बातम्या चार असतात, कामं तर ढीगभर असतात. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’, ‘न्यूज’ आणि ‘वर्क’ मोजत नाहीत. ‘मला एक काम आहे’ मनात येतं आणि बोटं ‘आय हॅव अ वर्क’ टाइप करतात. ‘आय हॅव सम वर्क’ लिहा. ऑफिसात रोज लागणारी अशी नामं तोंडपाठच करा: इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, न्यूज, वर्क, फीडबॅक, फर्निचर, इक्विपमेंट, स्टेशनरी, सॉफ्टवेअर, ट्रॅफिक, लगेज, प्रोग्रेस. यांना ‘अ’ नाही आणि शेवटी अनेकवचनाचा ‘एस’ही नाही. एकच नग सांगायचा असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘अ ट्रेनिंग सेशन’, ‘ॲन अपडेट’ असे मोजता येणारे शब्द आणा.

काही नामं दोन्हीकडे बसतात. ‘एक्सपिरियन्स’ म्हणजे वर्षानुवर्षं साठलेला अनुभव, तो मोजायचा नाही; ‘ॲन एक्सपिरियन्स’ म्हणजे एखादा प्रसंग. चहा-कॉफीही तशीच. पेय म्हणून मोजत नाहीत, पण काउंटरवर ‘टू टीज अँड अ कॉफी’ म्हणायला हरकत नाही.

‘आय हॅव फ्यू डाउट्स’ ही चूक जास्त गंभीर आहे, कारण ती व्याकरणात धडधडीत बरोबर आहे आणि अर्थ उलटा होतो. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. तुम्ही साहेबांना कळवलंत की मला फारशा शंका नाहीत. ‘अ फ्यू’ म्हणजे काही थोड्या आहेत. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’चंही तसंच: ‘वी हॅव लिटल टाइम’ म्हणजे वेळ नाहीच म्हणा ना, ‘अ लिटल टाइम’ म्हणजे थोडा आहे. जाता जाता, शंका विचारायच्या असतील तर भारताबाहेरच्या वाचकासाठी ‘डाउट्स’ऐवजी ‘क्वेश्चन्स’ बरं. ‘डाउट’मध्ये त्याला संशय दिसतो.

‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावरून ठरत नाही, उच्चारावरून ठरतं. आपल्याला त्यासाठी एक सोय आयती मिळाली आहे: शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर आलं तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. युजर, युनिव्हर्सिटी, युरोपियन, यूपीआय पेमेंट ही ‘य’ने सुरू होतात, म्हणून ‘अ’. वन-वे तिकीट, वन-बीएचके फ्लॅट ‘व’ने, म्हणून ‘अ’. अवर, ऑनेस्ट, एमबीए, एफआयआर, ओटीपी, ईएमआय, आरटीआय यांच्या सुरुवातीला स्वर आहे, म्हणून ‘ॲन’. सोसायटीची ‘एनओसी’ मागतानाही ‘ॲन एनओसी’. आकड्यालाही हेच लागू: ८ म्हणजे एट, म्हणून ‘ॲन ८ पर्सेंट इन्क्रीज’.

या युक्तीला दोन ठिकाणी खड्डा आहे. ‘इयर’ आपण स्वराने लिहितो, पण इंग्रजीत वर्षाच्या त्या शब्दाची सुरुवात ‘य’ने होते, म्हणून ‘अ इयर’. कानाचा ‘इयर’ असेल तर ‘ॲन’. दुसरा खड्डा आपल्या बोलण्यात आहे. एसटीची यष्टी करणारे आपण. एम, एन, एल यांनाही ‘यम, यन, यल’ म्हणण्याची जुनी सवय आहे. ती कानात धरून ‘अ यमएलए’ लिहाल. शुद्ध उच्चार ‘ए’ने सुरू होतो, ‘ॲन एमएलए’.

क्रिकेटवेड्या शहरात सांगायलाच हवं असं एक. ‘अंपायर’ हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘न’ने सुरू व्हायचा, ‘नंपायर’सारखा काहीतरी. ‘अ नंपायर’ बोलता बोलता तो ‘न’ आर्टिकलला जाऊन चिकटला आणि ‘ॲन अंपायर’ उरला. ‘एप्रन’चंही असंच झालं.

ठिकाणांच्या नावांत तर्क थोडा आणि रिवाज जास्त, पण मुंबईपुरतं पटकन उरकता येतं. स्टेशनं, उपनगरं, तलाव, चौपाट्या, बागा यांना काही नाही: दादर, पवई लेक, जुहू बीच, शिवाजी पार्क. नदी, समुद्र, डोंगररांग यांना ‘द’: द मिठी, द अरेबियन सी, द वेस्टर्न घाट्स. रस्त्यांत मरीन ड्राइव्ह आणि एस. व्ही. रोड मोकळे, पण द वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि द सी लिंक. नावात ‘ऑफ’ असेल तर बहुधा ‘द’ येतो: द गेटवे ऑफ इंडिया. यामुळेच १८५७ साली स्थापन झालेलं आपलं विद्यापीठ ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’, पण बोलताना ‘मुंबई युनिव्हर्सिटी’, तिथे ‘द’ नाही. सरकारी संस्थांची आद्याक्षरं सुटी सुटी म्हटली तर ‘द’ लागतो: द बीएमसी, द आरबीआय. सलग शब्दासारखी वाचली तर नाही: म्हाडा, सेबी, इस्रो. कंपन्या आणि कॉलेजं यात येत नाहीत, ‘आयआयटी बॉम्बे’ला कुणी ‘द’ लावत नाही.

‘बाय ट्रेन’, ‘बाय बस’, ‘ऑन फूट’ ही प्रवासाची रीत झाली, आर्टिकल नाही. गाडी ठरावीक झाली की लगेच ‘आय टेक द ८.१२ फास्ट’. शाळा, कॉलेज, कोर्ट, तुरुंग, झोप यांच्याकडे त्या कामासाठीच गेलात तर मोकळं ठेवायचं: ‘माय सन गोज टू स्कूल’. पण त्याची फी भरायला तुम्ही जाता ‘टू द स्कूल’. ऑफिस, बँक, मार्केट, स्टेशन या यादीत बसत नाहीत. ‘आय ॲम गोइंग टू ऑफिस’ आपल्याकडे सगळे बोलतात, कुणी हसणारही नाही, पण लेखी ‘टू द ऑफिस’ असू द्या.

आजारपणाचा मेल वर्षातून दोनतीनदा सगळेच टाकतात, म्हणून तो इथेच नीट करून घ्या. ताप, सर्दी, खोकला, डोकेदुखी यांना ‘अ’: ‘आय हॅव अ फीव्हर अँड अ कफ’. पावसाळ्यातल्या नावाच्या आजारांना काही नाही: मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड. ‘द डॉक्टर हॅज ॲडव्हाइज्ड रेस्ट’, कारण ताप म्हटला की डॉक्टर आलाच, आणि ‘रेस्ट’ मोजत नाहीत. ‘आय विल बी ऑन लीव्ह टुमॉरो’, इथे ‘ऑन अ लीव्ह’ नको. ‘इन अ मीटिंग’, ‘ऑन अ कॉल’ मात्र ‘अ’सकट.

सराव कशावर करायचा? तुमच्याच ‘सेंट’मधल्या मेलवर. रोज तीन मेल घ्या, प्रत्येक नामाखाली रेघ मारा, तीन प्रश्न विचारा. चुका दोन रकान्यांत टाका: सुटलेलं आणि फाजील. आठवड्याभरात कळेल तुमचा रकाना कुठला. बहुतेक मराठी लोकांचा पहिलाच भरतो. इंग्रजी पेपर वाचून शिकायचं असेल तर बातमीच्या मजकुरातून शिका, मथळ्यांतून नको. मथळे, पाट्या, पाककृती, बायोडेटातले मुद्दे इथे जागा वाचवायला आर्टिकल मुद्दाम गाळतात. कॉम्प्युटरवरचा व्याकरण-तपासनीस सुटलेला ‘अ’ बऱ्याचदा पकडतो, पण ‘अ’ की ‘द’ हे त्याच्यावर सोडू नका. तुमच्या साहेबांना कोणता रिपोर्ट ठाऊक आहे हे त्याला कुठून कळणार?

तुमचा मेल आता असा होईल: ‘आय ॲम सेंडिंग द रिपोर्ट यू आस्क्ड फॉर. द व्हेंडर हॅज गिव्हन अस सम इन्फर्मेशन अबाउट द डिले. आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स. अ युजर हॅज ऑल्सो रेज्ड अ कंप्लेंट.’ शेवटच्या वाक्यातला युजर साहेबांना अजून माहीत नाही, म्हणून ‘अ’. पुढच्या मेलमध्ये तोच ‘द युजर’ होईल.

इंटरव्ह्यूसाठी सगळं पाठ करत बसू नका. स्वतःची ओळख चार वाक्यांत लिहून ती निर्दोष करा: ‘आय ॲम अ कॉमर्स ग्रॅज्युएट. आय वर्क ॲज ॲन ॲडमिन एक्झिक्युटिव्ह ॲट अ लॉजिस्टिक्स कंपनी इन अंधेरी. द कंपनी हॅज अ वेअरहाउस इन भिवंडी.’ अनुभव सांगताना ‘ॲन एक्सपिरियन्स ऑफ फोर इयर्स’ नको, ‘आय हॅव फोर इयर्स एक्सपिरियन्स’. वेअरहाउस आणि वर्षं तुमची खरी घाला. बोलताना ‘अ’चा ‘ए’ करू नका. ‘ए कंपनी’ म्हटलं की उगाच त्या ‘ए’वर जोर येतो. ‘अ’ हलका, पुढच्या शब्दाला चिकटवून. ‘द’ही स्वरापुढे ‘दि’ होतो: ‘दि ऑफिस’, पण ‘द कंपनी’. बोलण्याच्या ओघात एखादं आर्टिकल सुटलं तर मागे जाऊन दुरुस्त करू नका, वाक्य पुढे न्या.